कुजका कासरा



मी कृषी विस्तार अधिकारी. नोकरीला तीस वर्षे होऊन गेली. आपली गाठ पडते ती बहुधा बियाणे, खत, कीड नाहीतर पाणी यांच्या निमित्ताने. आज मात्र मी तुम्हांला आमच्या घरच्या जुन्या पिकअप गाडीच्या ब्रेकची हकिगत सांगणार आहे. शेतीची पदवी घेतलेल्या माणसाने ब्रेकवर लिहावे याचे कुणाला नवल वाटेल. पण पाहा, बैलगाडीची जागा आज गावोगाव पिकअपने घेतली आहे. माल पिकवायला आपण शिकलो, विकायलाही हळूहळू शिकलो. पण माल आणि घरचा माणूस ज्या गाडीत बसून रात्री-बेरात्री बाजाराला जातो, ती गाडी थांबते कशी, हे आपल्यापैकी किती जणांनी कधी वाकून पाहिले आहे? शिवाय या हकिगतीत माझी स्वतःची एक चूक आहे, आणि ती कबूल केल्याखेरीज बाकीचे सांगण्याचा मला अधिकार नाही.

आमचे गाव जुन्नर तालुक्यात, ओतूरच्या बाजूला. धाकटा भाऊ शेती पाहतो, त्याचा मुलगा गाडी चालवतो. मी नोकरीच्या गावी असतो आणि सुट्टीला घरी येतो. वडील होते तोवर घरी दोन बैल आणि एक लाकडी गाडी होती. गाडीला ब्रेक कसला? उतार आला की वडील खाली उतरत, कासरा आखडून धरत आणि बैलांच्या अंगाशी अंग लावून पावला-पावलाने गाडी उतरवत. दर पोळ्याला ते बैलांसाठी नवा कासरा वळत. जुना धडधाकट दिसला तरी तो काढून टाकत. मी एकदा विचारले, "बाबा, हा तर चांगला आहे की!" ते म्हणाले, "वरून चांगला आहे. कासरा आतून कुजतो. बैल दांडगा असला तरी चालेल, कासरा कुजका नको." लहानपणी ऐकलेले हे शब्द पन्नाशी उलटल्यावर मला भोवले, ते असे.

सन २०२३ चा जुलै महिना तुम्हांला आठवत असेल. टोमॅटोचे भाव त्या वर्षी कधी नव्हे इतके चढले होते. आमच्याकडे दीड एकर टोमॅटो ऐन तोडणीला आलेला. आदल्या वर्षी हाच टोमॅटो आम्ही बांधावर ओतला होता. त्यामुळे घरात एक प्रकारची घाई शिरली होती. दिवसा तोडणी, संध्याकाळी क्रेट भरायचे आणि रात्री पिकअप माळशेज घाटाने कल्याणच्या बाजारात. असे एक दिवसाआड चालले होते.

एका रविवारी मी घरी गेलो आणि काही कामासाठी गाडी घेऊन ओतूरला निघालो. ब्रेकवर पाय ठेवला तर पॅडल नेहमीपेक्षा खोल गेले. दुसऱ्यांदा दाबल्यावर गाडी थांबली, पण मागून खरखर आवाज आला. परत आल्यावर भावाला बोललो. तो म्हणाला, "दादा, चार दिवस झाले असं होतंय. ऑइलही कमी होतंय. गाडी दोन दिवस उभी करू का?"

बंधूंनो, तो मला विचारत होता. घरात शिकलेला मी, थोरला मी. मी काय सांगितले असेल? मी म्हणालो, "भाव आहे तोवर चालू दे. हंगाम संपला की सगळं एकदमच करू. तोवर ऑइल टाकून घे." पासिंग होऊन आठ महिने झाले होते, त्याचाही मी हवाला दिला. पासिंग म्हणजे त्या दिवसापुरता दाखला असतो, वर्षभराची हमी नव्हे, हे मला कळत नव्हते असे नाही. शेतकऱ्याला मी तीस वर्षे सांगत आलो की, रोग पानावर दिसेपर्यंत थांबू नका. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, ही म्हण माझ्यासाठीच झाली असावी.

त्यानंतर दहाव्या दिवशी, रात्री दोनच्या सुमारास फोन आला. पुतण्या आणि सोबत शेजारचा एक मुलगा, असे दोघे ७५ क्रेट घेऊन घाट उतरत होते. एका क्रेटमध्ये २० किलो माल, म्हणजे दीड टन झाला. गाडीच्या क्षमतेपेक्षा तो जास्तच होता. पाऊस आणि दाट धुके. पुढचे काही दिसत नसल्याने पोराचा पाय सारखा ब्रेकवर. निम्मा घाट उतरल्यावर एका वळणावर पॅडल सरळ तळाला गेले. पुन्हा दाबले, पुन्हा तळाला. गाडी धावू लागली. पोराने अवसान सोडले नाही. गेअर एकेक करून खाली आणला, हँडब्रेक थोडाथोडा ओढला आणि गाडी दरीकडे न जाऊ देता डोंगरकडेच्या चारीत घातली. गाडी एका अंगाला कलली. २२ क्रेट रस्त्यावर सांडले. दोघांनाही खरचटण्यापलीकडे काही झाले नाही.

मी सकाळी पोचलो. धुके तसेच होते. गाडी चारीतून बाहेर काढली होती. मी आत बसून ब्रेक दाबला, तर काय, पॅडल बऱ्यापैकी घट्ट लागले! जमलेल्यांपैकी एकजण म्हणाला, "ब्रेक तर लागतोय. पोराला डुलकी लागली असेल." भावाने मुलाकडे पाहिले. मुलगा म्हणाला, "आप्पा, देवाशपथ, पॅडल तळाला गेलं होतं." भाऊ काही बोलला नाही. खरे सांगायचे तर क्षणभर माझ्याही मनात आले की, खरेच डुलकी लागली असेल काय? पोराने ते माझ्या तोंडावर वाचले. त्यानंतर घरी पोचेपर्यंत तो एक अक्षर बोलला नाही, आणि घरी आल्यावर गाडीची किल्ली त्याने देवळीत ठेवून दिली.

आमच्या शेजारच्या गावात एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक मिस्त्री राहतात. मी त्यांना घरी घेऊन आलो. त्यांनी आधी बॉनेट उघडले, ब्रेक ऑइलच्या डबीचे झाकण काढले, आत काडी बुडवून पाहिली आणि पोराला जवळ बोलावले. ऑइल कोऱ्या चहासारखे काळे होते. मिस्त्री मला म्हणाले, "साहेब, पोरगं खोटं बोललं नाही. ऑइल उकळलं होतं."

हे काय प्रकरण आहे, ते थोडक्यात समजून घेऊ. आपला पाय पॅडल दाबतो तेव्हा तो जोर तारेने किंवा सळईने चाकापर्यंत जात नाही. तो तेलातून जातो. बंद भांड्यातील द्रवावर दाब दिला तर तो सगळीकडे सारखा पोचतो, हा नियम पास्कल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात मांडला. पॅडलजवळचा मास्टर सिलिंडर तेल दाबतो. नळ्यांतून तो दाब चाकांशी पोचतो. तेथील पिस्टन पुढच्या चाकात पॅडने डिस्क पकडतात आणि मागच्या चाकात लायनर ड्रमला आतून घासतात. तेल दबत नाही म्हणून हे जमते. हवा किंवा वाफ मात्र दबते. विहिरीवरच्या पंपाने हवा धरली की मोटर नुसती फिरते आणि पाणी उचलत नाही, हे आपण रोज पाहतो. ब्रेकच्या नळीत हवा किंवा वाफ शिरली की नेमके तसेच होते. पाय दाबतो, वाफ दबते आणि चाकापर्यंत काहीच पोचत नाही.

आता तेल उकळते कसे? ब्रेक ऑइलला ओलावा ओढून घेण्याचा गुण असतो. पावसाळ्यात तोंड उघडे राहिलेली युरियाची गोणी चार दिवसांत पाझरू लागते ना, तसेच हे. डबीच्या झाकणातून, रबरी होजमधून वर्षानुवर्षे थोडा थोडा ओलावा आत जात राहतो. बाजारात मिळणारे डॉट ३ प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असे मानक आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की, हीच किमान मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. म्हणजे नवे असताना जे तेल घाट सहज सोसते, तेच जुने झाल्यावर उकळते.

आणि घाटात उष्णता किती होते म्हणता? मालासह तीन टन वजनाची गाडी १०० मीटर खाली आली तर तेवढ्यात जी उष्णता निर्माण होते तिच्यावर सुमारे नऊ लिटर साधे पाणी उकळीला येईल. गाडी कमी गेअरमध्ये असेल तर यातला बराच भार इंजिन घेते. नाहीतर सगळी उष्णता चार चाकांच्या ब्रेकमध्ये जाते. सकाळपर्यंत तेल निवले, वाफेचे पुन्हा तेल-पाणी झाले आणि पॅडल घट्ट लागले. पुरावा असा आपोआप पुसला गेला आणि संशय पोरावर राहिला.

मिस्त्रींचे बोलणे ऐकून भाऊ पोराजवळ गेला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून नुसता उभा राहिला. मी मात्र तेव्हाही गप्पच होतो.

ब्रेक पुरा खोलायचे ठरले. दोन रविवार आणि मधली एक रजा घालून हे काम आम्ही अंगणातल्या चिंचेखाली केले. चाकांना दगड लावले, जॅक लावला आणि जॅकवर विसंबून न राहता चेसीसखाली भक्कम घोड्या ठेवल्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणी कधीही शिरू नये.

मागचा डावा ड्रम काढला. आतून काळी भुकटी पडली. सोबतच्या पोराने ती तोंडाने फुंकायला वाकून गाल फुगवले तोच मी त्याचा हात धरला. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुफ्फुसाला घातक असते. औषध फवारताना तोंडाला फडके बांधा, असे मी तुम्हांला सांगतो, तसेच हेही. ही भुकटी फुंकू नये, हवेच्या पाइपने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.

भुकटी टिपल्यावर जे दिसले ते सांगतो. लायनर झिजून रिव्हेटच्या डोक्यापर्यंत आले होते आणि त्या रिव्हेटांनी ड्रमला आतून चरे पाडले होते. मी ऐकलेली खरखर ती हीच. व्हील सिलिंडर पाझरत होता आणि लायनर तेलाने भिजले होते. मी "टाकून घे" म्हटलेले ऑइल इथे येऊन ब्रेकच निकामी करीत होते. पुढच्या एका चाकाचा आतला पॅड पत्र्यापर्यंत झिजला होता आणि बाहेरचा निम्मा शिल्लक होता, कारण कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या गंजून अडकल्या होत्या. रबरी होज बोटाने वाकवली तर तिला भेगा दिसल्या. मागे जाणारी लोखंडी नळी चेसीसला जिथे चिखल साठतो तिथे गंजून पातळ झाली होती. पाहा, कोणतीही एक गोष्ट अचानक मोडली नव्हती. सगळे थोडे थोडे झिजले होते आणि एकमेकांचे उणे झाकत इतके दिवस चालले होते. पायाला फक्त एवढे कळत होते की, पॅडल जरा खोल जाते. नांगराचा फाळ झिजला की तासात दिसतो, पंपाचा वॉशर गेला की फवारा पडतो. ब्रेकचे तसे नाही. तो उत्पन्न देत नाही, म्हणून आपल्या हिशेबात तो शेवटी येतो.

भाऊ म्हणाला, "मिस्त्री, डाव्या चाकाचं तेवढं बदलू. उजवं अजून बरं दिसतंय." मिस्त्रींनी मान हलवली. एका बाजूचा ब्रेक नवा आणि दुसऱ्या बाजूचा जुना ठेवला की, दाबताच गाडी एका बाजूला ओढते. ओल्या रस्त्यावर तर ती फिरतेसुद्धा. म्हणून लायनर, पॅड बदलायचे ते एका अॅक्सलच्या दोन्ही चाकांचे एकदम. एक बैल ताजा आणि एक थकलेला असला तर गाडी सरळ चालेल काय?

व्हील सिलिंडरच्या बाबतीतही असेच झाले. नुसते रबरी कपांचे किट बदलले तर खर्च थोडा येतो. पण मिस्त्रींनी सिलिंडर पुसून आत बोट फिरवायला लावले. पाण्याने गंजून त्याला खड्डे पडले होते. अशा खरबरीत सिलिंडरमध्ये नवा कप घातला तरी तो थोड्याच दिवसांत कापला जातो. म्हणून मागचे दोन्ही सिलिंडर नवे घेतले. मास्टर सिलिंडरही नवा बसवला. सगळे होज बदलले, गंजकी नळी बदलली. तेलात भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन किंवा जाळून पुन्हा वापरणारे लोक आहेत. त्यांचे ऐकू नये. तेल लायनरमध्ये मुरते आणि गरम झाल्यावर पुन्हा वर येते.

दोन्ही ड्रम नारायणगावला लेथवर नेऊन सारख्या मापाचे घासून आणले. ड्रमवर कमाल माप कोरलेले असते. त्यापलीकडे घासावे लागत असेल तर ड्रम फेकून द्यावा, कारण पातळ ड्रम उष्णता सोसत नाही. कॅलिपरच्या पिना साफ करून त्यांना ब्रेकसाठीच मिळणारे ग्रीस लावले. साधे ग्रीस रबर फुगवते. इंजिन ऑइल, डिझेल, रॉकेल यांचा तर ब्रेकच्या आतल्या भागाला स्पर्शही होऊ देऊ नये. एका चमचाभर चुकीच्या तेलाने सगळे कप फुगून बसतात आणि मग ब्रेक लागला तर सुटत नाही. ऑइल घ्यायचे ते गाडीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचे आणि सील न फोडलेल्या बाटलीतले. कपाटात वर्षभर पडलेली अर्धी बाटली वापरू नये. नवे लायनर बसवल्यावर हँडब्रेकची केबल साफ केली आणि ताण नीट करून घेतला. त्या रात्री दोन जीव वाचले त्यात या केबलचा मोठा वाटा होता, म्हणून तिच्यावर मिस्त्रींनी विशेष मेहनत घेतली.

शेवटचे काम म्हणजे नळ्यांतली हवा काढणे. याला दोन माणसे लागतात, एक चाकाशी आणि एक पॅडलवर. मी हाक मारली, "ये रे, पॅडलवर तू बैस." पोरगा अपघातानंतर गाडीत बसला नव्हता. तो आला, पण दार उघडून उभाच राहिला. मिस्त्री चाकाशी बसले होते. त्यांनी निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवले होते. मी बॉनेटशी डबी भरत उभा होतो.

तेव्हा मी बोललो. म्हणालो, "बाळा, चूक तुझी नव्हती. तुझा बाप गाडी उभी करणार होता. मीच त्याला नको म्हणालो. आणि त्या दिवशी सकाळी मीही तुझ्यावर विश्वास ठेवला नाही." मिस्त्री चाकाकडेच पाहत राहिले. पोरगा थोडा वेळ थांबून म्हणाला, "नाना, तुम्हांला काय ठाऊक होतं असं होईल म्हणून!" मी म्हणालो, "ठाऊक होतं. म्हणून तर सांगतोय." मग तो आत बसला.

"दाब!" मिस्त्री म्हणत. तो दाबून म्हणे, "दाबला." मिस्त्री निपल सैल करत, नळीतून बुडबुडे येत, पॅडल तळाला जाई. "धरून ठेव!" निपल आवळला जाई. "सोड!" असे पुन्हा पुन्हा. मास्टर सिलिंडरपासून जे चाक सर्वांत लांब तिथून सुरुवात करायची: आपल्या उजव्या हाताच्या गाडीत आधी मागचे डावे, मग मागचे उजवे, मग पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे. मध्येच डबी रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर पुन्हा हवा शिरते आणि सगळे पहिल्यापासून. बाटलीतले ऑइल परत डबीत ओतायचे नाही. चौथ्या चाकाशी पोचलो तेव्हा नळीतून मधासारखी स्वच्छ, अखंड धार येऊ लागली आणि आतून पोराचा आवाज आला, "नाना, लागला! दगडासारखा लागला!"

मिस्त्रींनी मग त्याला पॅडल अर्धा मिनिट दाबून धरायला लावले. पॅडल हळूहळू खाली गेले असते तर कुठेतरी गळती होती. गेले नाही. इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाच वेळा मारायला लावले, मग दाबून धरून इंजिन सुरू करायला सांगितले. पॅडल किंचित खाली गेले, म्हणजे बूस्टर ठीक. जुने काळे ऑइल आम्ही डब्यात बंद करून गॅरेजवाल्याकडे दिले. ते ओढ्यात किंवा विहिरीच्या काठी कधीही ओतू नये. पहिले काही दिवस गाडी रिकामी आणि हळू चालवली, म्हणजे नवे लायनर ड्रमशी नीट जुळून बसतात.

खर्चाचा हिशेब भावाने वहीत मांडला. त्या रात्री रस्त्यावर सांडलेल्या २२ क्रेटच्या किमतीत सगळे काम होऊन वर पैसे उरले असते. गाडी दोन दिवस उभी राहू नये म्हणून मी जो लोभ केला, त्याने ती तीन आठवडे उभी राहिली.

त्यानंतर पहिल्यांदा घाट उतरायचा होता त्या रात्री मी पोराशेजारी बसलो. क्रेट मोजून ५० भरले होते. आई दारात उभी होती. घाटाच्या माथ्यावर पोराने गाडी थांबवली, दुसरा गेअर टाकला आणि संपूर्ण घाट तो त्याच गेअरमध्ये उतरला. ब्रेक दाबायचा तो वळणाआधी, थोडा वेळ, आणि लगेच सोडायचा. त्याचे हात स्थिर होते. माझेच थोडे कापत होते.

आता तुमच्यासाठी चार गोष्टी सांगून हे पुरे करतो. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करू नका, इंजिन तर मुळीच बंद करू नका. इंजिन बंद झाले की बूस्टरची मदत दोन-तीन दाबांतच संपते. उलट गेअरमध्ये असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला तर इंजिनाला डिझेल जवळजवळ लागतच नाही. ज्या गेअरमध्ये घाट चढता, त्याच गेअरमध्ये उतरा. वजन भरताना क्षमतेच्या आत भरा, आणि वेगाचेही भान ठेवा: ताशी ४० ऐवजी ६० किलोमीटरने गेलात तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर दीडपट नव्हे, सव्वादोन पट होते.

महिन्यातून एकदा ऑइलची पातळी पाहा. ती कमी झाली असेल तर नुसते टाकून मोकळे होऊ नका, ते कुठे गेले ते शोधा. एक तर लायनर-पॅड झिजले आहेत किंवा कुठेतरी गळती आहे. चाकांच्या आतल्या बाजूला ओल, दाबताना गाडी एका बाजूला जाणे, खरखर, जळका वास, दोनदा दाबल्यावर लागणारा ब्रेक, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी गाडी उभी करा. काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्या. आम्हीही त्यांच्याशिवाय एका नटाला हात लावला नाही. पण काम चालू असताना शेजारी उभे राहा, काय झिजले ते डोळ्यांनी पाहा.

आणि देव न करो, पण ब्रेक गेलाच, तर घाबरून इंजिन बंद करू नका. गेअर एकेक करून खाली आणा, पॅडल भराभर मारत राहा, हँडब्रेक एकदम न ओढता थोडाथोडा ओढा, हॉर्न आणि दिवे चालू ठेवा, आणि गाडी दरीकडे नव्हे तर डोंगराकडे घ्या. एका विशीतल्या पोराने अंधारात, धुक्यात हे केले आहे.

आमच्या घरी आता बैल नाहीत. पण पोळ्याच्या दिवशी गाडी धुऊन, हळदकुंकू लावून झाले की, ब्रेकचे जुने ऑइल काढून नवे भरतो. ते वरून चांगले दिसले तरी बदलतो. पॅडलवर पुतण्या बसतो, मी चाकाशी बसतो, आणि मिस्त्री खाटेवर बसून चूक झाली की ओरडतात.